लायब्ररी एका कंपायलरने आणि प्रोग्राम दुसऱ्याने? आधी हे बघ

अरे, लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणारा तयार कोड) बिल्ड झाली म्हणजे काम झालं असं नसतं, खरी गंमत लिंक करताना, म्हणजे ती प्रोग्रामला जोडताना कळते. सी प्लस प्लसची लायब्ररी असेल तर ज्या कंपायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) प्रोग्राम बनवणारेस त्यानेच लायब्ररी पण बनव, कारण विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर आणि मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) फंक्शनची नावं आतमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात, मग फाइल समोर असूनही लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे हे नाव सापडत नाही, म्हणून बोंबलत बसतो. साध्या सी लायब्ररीत एवढा त्रास नाही.

लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे दोन कंपायलर बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने नांदतात, पण क्लँगला लिबसीप्लसप्लस वापरायला लावलंस आणि लायब्ररी लिबएसटीडीसीप्लसप्लसवर बनलेली असली (या सी प्लस प्लसच्या दोन वेगळ्या स्टँडर्ड लायब्ररी) की स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, पास करायच्या जागी गाडी अडते. एररमध्ये नावाच्या मधे 'सीएक्सएक्स11' दिसलं तर समज की जुना-नवा एबीआय (बिल्ड झालेले भाग एकमेकांशी जुळायची पद्धत) मिसळलाय, 2015 मध्ये जीसीसी 5 ने स्ट्रिंगची रचना बदलली तेव्हापासूनचं हे दुखणं आहे.

आणि सीमेक (बिल्डची तयारी करून देणारं टूल) वापरत असशील तर प्रत्येक कंपायलरला वेगळं बिल्ड फोल्डर कर, इन्स्टॉल प्रीफिक्स, म्हणजे लायब्ररी इन्स्टॉल होईल तो फोल्डर, पण वेगळा दे. जुन्याच फोल्डरात कंपायलर बदलू नकोस, सीमेकचा कॅशे (साठवलेली सेटिंग्ज) पहिलाच कंपायलर धरून बसतो आणि मग आपण उगाच कोडमध्ये चुका शोधत बसतो. सुडो मेक इन्स्टॉल (ॲडमिनच्या हक्काने इन्स्टॉल करायची कमांड) तर सध्या नकोच, सिस्टिमच्या लायब्ररीत भेसळ झाली की निस्तरताना नाकी नऊ येतात.

अजून अडलं तर एररची पहिली ओळ टाक, शेवटची नको.