घाट चढताना जुनी गाडी झटके मारते, पिकअप जातो, ईसीएम बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2006 मॉडेल, पेट्रोल, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), रत्नागिरीत रोज फिरवताना काही त्रास नाही पण कोल्हापूरला जाताना आंबा घाट लागला की दम सोडते, झटके मारते, प्लग आणि एअर फिल्टर नवीन टाकले तरी फरक नाही आणि आता गॅरेजवाला म्हणतोय ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. माझं स्पष्ट मत, ईसीएमवर आत्ता एक रुपया घालू नका. ईसीएम जात नाही असं नाही, पण तो गेला तर गाडी घाट बघून थोडीच त्रास देणार, ती सपाटीलाही देईल. फक्त लोड आल्यावर होणारा फॉल्ट बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडणं नाहीतर करंट लीक होणं यातलाच निघतो, आणि दोन्ही मोजून बघता येतात. माझं सावंतवाडीकडे गॅरेज आहे, आंबोली घाटातून खाली आलेल्या अशा गाड्या कायम येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फुकटातल्या दोन गोष्टी बघा. चढावर आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही असं असेल तर क्लच घसरतोय, इंजिनाला दोष नाही. आणि थोडं फिरवून आलात की चारी चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहतोय, आपल्याकडे खाऱ्या हवेत उभ्या गाडीची हँडब्रेक केबल आणि ड्रम जाम होणं नेहमीचंच. उंचीमुळे ताकद कमी होते म्हणून कोणी सांगितलं तर ते खरं आहे पण फार थोडं, आंबोली साधारण 690 मीटरवर आहे, तिथे फार तर 6-7 टक्के फरक पडेल आणि त्याने झटके बसत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, दम जातो तो कसा जातो हे नीट लक्षात ठेवा. हळूहळू मरगळ येते, एक्सलेटर दाबला तरी गाडी उचलत नाही आणि पाय थोडा सोडला की बरी वाटते, तर पेट्रोलवर संशय. रिकाम्या रेसला इंजिनाला पेट्रोल लागतं किती, थकलेला पंपसुद्धा तेवढं देतो, पण सेकंड गिअरला फुल एक्सलेटरवर मागणी वाढली की प्रेशर पडतं. टाकी पाव भरलेली असताना आणि उन्हात जास्त होत असेल तर पंपच धरा, कारण टाकीतलं पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवतं. स्कॅनर (ईसीएममधले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लावला, काही कोड आला नाही म्हणून पंप चांगला, असं मानू नका, या गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो, स्कॅनर सांगणार कुठून? पेट्रोलच्या लाईनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून प्रेशर गेज लावायला सांगा, अशा गाड्यांत साधारण 3 ते 3.5 बार दिसतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळेल, आणि उभ्या गाडीवर बघून सोडू नका, चढावर लोडखाली बघायला लावा. गेज काचेबाहेरच बांधायचा, पेट्रोलची नळी केबिनमध्ये अजिबात नको. प्रेशर पडत असेल तर पंप घेण्याआधी टाकीतली जाळी आणि फिल्टर बघा. जाळी पांढऱ्या फडक्यावर झटका, तपकिरी गाळ पडला तर टाकी धुतल्याशिवाय नवीन पंप टाकू नका, तोही तसाच चोक होईल.

इथेनॉलमुळे असेल का हेही विचारलंय. तुमची गाडी ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) साठी बनलेली नाही हे खरं, रबरी पाईप आणि सील तपासून घ्या. पण एकट्या इथेनॉलने फक्त घाटातच झटके येतील हे मला पटत नाही. पाणी मात्र खरोखर त्रास देतं. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली की पेट्रोल ओलावा धरतं आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, दोन थर दिसले तर उत्तर मिळालं.

झटके फाट फाट अचानक येत असतील, पावसात आणि सकाळच्या दमट हवेत जास्त होत असेल, तर मात्र स्पार्क. लोडखाली सिलेंडरमध्ये दाब वाढतो, प्लगला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तेच व्होल्टेज मग जुन्या प्लग वायरमधून नाहीतर कॉइलमधून सोपी वाट काढतं. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरला हात न लावता लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या की संपला विषय. प्लग काढलात तर पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का बघा, ती करंट लीक झाल्याची खूण, असा प्लग नवा असला तरी बदला आणि त्याची वायरही बदला.

किनाऱ्यावरच्या गाडीत मी सगळ्यात आधी बघतो ती इंजिन ते बॉडीची अर्थ वायर. वेंगुर्ल्याच्या एका गाडीची वायर बाहेरून अगदी धड दिसत होती, काळं कव्हर शाबूत, टोकाशी ब्लेडने चिरलं तर आत तांब्याच्या जागी हिरवी पावडर. मल्टीमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉकवर लावून सेल्फ मारा, अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवला तर अर्थ खराब. ही वायर ईसीएमच्या मानाने काहीच पैशाची नाही.

एक काळजीची गोष्ट, मिसिंग करणारी गाडी तशीच ओढत राहू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सर लाईनमधल्या कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं, कॅट वितळून बुजतो आणि मग खरोखर ताकद जाते, तेव्हा दुसराच मोठा खर्च. बुजलाय का ते व्हॅक्यूम गेजवर (इंजिनाची हवेची ओढ मोजणारा) कळतं, आपल्याकडे समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं, 2500 आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खालीच येत राहिला तर एक्झॉस्ट अडलाय.

एवढं सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये दाब नीट तयार होतोय का) बघायचं, आणि तेही ठीक असेल तर ईसीएम. तोसुद्धा बदलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून त्याचा कनेक्टर उघडा, पिना हिरव्या पडल्यात का, उंदराने कुठे वायर कुरतडलीय का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या आणि घट्ट बसवून परत घाट चढा. चढावरचा प्रेशरचा आकडा मिळाला की इथेच टाका, पुढचं त्यावरून सांगतो.