ते वाकडं इंग्लिश घर पडत कसं नाही?

प्रश्न : इंग्लंडमधल्या लिटल मोर्टन हॉलचे फोटो बघितले, वरचा मजला पार वाकलाय, एक रेघ म्हणून सरळ नाही. बांधतानाच चुकलं का? मग पाचशे वर्षं उभं कसं? आणि काळा-पांढरा रंग मूळचाच का?

उत्तर : मुख्य भानगड डोक्यावरच्या ओझ्याची आहे. चेशायरमध्ये काँगल्टनजवळ मोर्टन घराण्यानं हे घर १५०४ च्या सुमारास बांधायला घेतलं आणि पुढची शंभरेक वर्षं जो तो आपापल्या परीनं त्यात भर घालत गेला, अख्ख्या घराचा एक प्लॅन असा कधी नव्हताच. दक्षिणेकडचा भाग बांधताना अगदी वर लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन, चढवली, ६८ फूट लांब, पाऊस असला तरी आतल्या आत फेऱ्या मारता याव्यात, खेळता यावं म्हणून (तिथल्या लाकडी पॅनेलमागे टेनिसचे जुने चेंडूसुद्धा सापडलेत!), आणि तिच्यावर छप्पर घातलं ते जाडजूड दगडी फरश्यांचं. आता खालचा सांगाडा काही एवढं वजन धरून केलेला नव्हता, तो दबला, फाकला, वाकला.

पण मोडला नाही, आणि मला याचंच जास्त कौतुक वाटतं. सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा, खाचा पाडून जोड बसवायचे आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या, मधल्या भिंती कुडाच्या, त्यामुळे वजन आलं की घर थोडं इकडे थोडं तिकडे सरकून स्वतःला सावरून घेतं, कडक बांधकाम असतं तर तडकलंच असतं. तरी नंतर गॅलरीला आधार म्हणून स्टीलच्या सळ्या घालाव्या लागल्याच.

अंगणातल्या पुढे आलेल्या खिडक्या झूम करून बघाच. १५५९ साल आणि मालक विल्यम मोर्टन यांचं नाव तर कोरलंयच, शिवाय रिचर्ड डेल सुतारानं देवाच्या कृपेनं या खिडक्या केल्या असंही लिहिलंय. मालकाच्या बरोबरीनं कारागिराचं नाव, तेही त्या काळात, किती मोठी गोष्ट आहे!

टिकण्याचं दुसरं कारण पैसे नसणं. इंग्लंडमध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध झालं, त्यात मोर्टन राजाच्या बाजूचे, १६४३ मध्ये पार्लमेंटवाल्यांनी घर ताब्यात घेऊन सैनिक ठेवले, त्यानंतर घराणं कर्जातून नीट वर आलंच नाही. पुढे घर शेतकऱ्यांना भाड्यानं दिलं, मग नव्या फॅशनप्रमाणे पाडून बांधणार कोण आणि कशानं! १९३८ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे गेलं.

रंगाचं म्हणाल तर मूळचा नाही. ओक तसंच उघडं ठेवायचे, ते उन्हापावसानं रुपेरी करडं व्हायचं, मधला गिलावा पिवळसर असायचा. काळा-पांढरा रंग व्हिक्टोरियन काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी दिलाय.