वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली. नवीन एचआर फॉर्म १२बी (जुन्या कंपनीतल्या पगाराचा तपशील देणारा फॉर्म) मागतेय, तो भरलाच पाहिजे का?

सक्ती नाही, पण भरा. टाळलात तर जुलैत रिटर्न भरताना रडाल.

२०२५-२६ चं उदाहरण घ्या. एप्रिल ते ऑक्टोबर जुन्या ठिकाणी ७ लाख, नंतर मार्चपर्यंत नवीन ठिकाणी ८ लाख. दोघांनाही आपापलाच आकडा दिसतो, नवीन करप्रणालीत तो करमुक्त मर्यादेत बसतो, म्हणून टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) शून्य. तुम्ही खूश! प्रत्यक्षात उत्पन्न १५ लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) एकदाच मिळते, दोनदा नाही. कर होतो ९७,५०० रुपये, वर व्याज. माझंही एकदा असंच झालं होतं, रक्कम लहान होती म्हणून निभावलं.

१२बीत जुन्या कंपनीचा पगार, कापलेला पीएफ आणि टीडीएस लिहायचा. जुन्या कंपनीच्या फॉर्म १६ची (पगार आणि टीडीएसचा वार्षिक दाखला) वाट बघू नका, तो जूनमध्ये येतो. शेवटची सॅलरी स्लिप आणि फुल अँड फायनलचा (नोकरी सोडतानाच्या हिशेबाचा) कागद पुरतो. पॅन मात्र पहिल्याच दिवशी द्या, नाहीतर २० टक्के कापतात. जुनी करप्रणाली हवी असेल तर तेही तेव्हाच कळवा.