समुद्रात खोल जाऊ तसा ऑक्सिजन कमी होतो, मग तळाशी परत वाढतो कसा?

वाढतो खरंच, आणि मला तर ही समुद्रातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. वरच्या थरात उजेड असतो, हवा मिसळते, प्लवक (पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे बारीक जीव) ऑक्सिजन बनवतात, त्यामुळे तिथे भरपूर. ते प्लवक मेले की त्यांचे कण, विष्ठा, चिकट गोळे असं सगळं पांढऱ्या भुरभुरीसारखं हळूहळू खाली पडत राहतं आणि वाटेत बॅक्टेरिया ते खातात, खाताना ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, फॉस्फेट पाण्यात सोडतात. म्हणून साधारण 200 ते 1000 मीटरमध्ये ऑक्सिजन सगळ्यात कमी, आणि पाणी पृष्ठभागापेक्षा जास्त आम्लधर्मी.

मग त्याच्या खाली? तिथलं पाणी वरून सरळ खाली आलेलंच नसतं! ते ध्रुवांकडे थंड आणि जड होऊन बुडालेलं असतं, थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, आणि तोच साठा घेऊन ते शेकडो वर्षं तळातून सरकत राहतं. शिवाय तिथपर्यंत खाणं कमी पोचतं म्हणून खर्चही कमी.

आता खंडांच्या कडेला बघा, पेरूच्या किनाऱ्यासारखं. वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं पोषक पाणी वर येतं, प्लवक बेसुमार वाढतात, आणि ते मेल्यावर त्यांना खाणारे बॅक्टेरिया तेवढाच जास्त ऑक्सिजन संपवतात. काही थरांत तो जवळपास शून्य होतो, मग बॅक्टेरिया ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरायला लागतात.