आधी ऊब, मग दूध: मांजराच्या अनाथ पिल्लांबद्दल तुमचे प्रश्न

फेब्रुवारी-मार्च उलटला की मला येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो, कुत्र्याची शिस्त, माशांची टाकी सगळं मागे पडतं आणि जिन्याखाली, माळ्यावर, बंद पडलेल्या रिक्षात सापडलेली पिल्लंच पिल्लं. यावेळी त्यातली चार पत्रं घेतलीयत. मी जनावरांची डॉक्टर नाही, पंधराएक वर्षं घरात अशी पिल्लं वाढवतेय एवढंच, बरीच जगली, काही गेली. तेव्हा औषधाचे डोस प्लीज माझ्याकडून घेऊ नका.

प्रश्न: ताई, आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये तीन पिल्लं सापडलीयत. डोळे उघडलेले नाहीत, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला आहे. आई काल रात्रीपासून दिसली नाही. गाईच्या दुधात पाणी घालून कापसाने पाजतेय, दोघं थोडं पितात पण तिसरं तोंडच उघडत नाही, अंगही गार लागतंय. कोणतं दूध देऊ? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: आपलं त्याच दिवशी फोनवर बोलणं झालं, पण हा प्रश्न सगळ्यांचाच असतो म्हणून परत लिहिते. सगळे विचारतात कोणतं दूध, आणि मी दरवेळी उलटं विचारते, पिल्लाचं अंग गरम आहे का? कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं म्हणजे त्याला मारणंच आहे. या वयात त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईच्या पोटाशी असतं तोवर ठीक, ती नसली की तासा-दोन तासात गारठतं, आणि गारठलं की आतडं चालायचं थांबतं. मग पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, नासतं, वर येतं आणि छातीत जातं. करंगळीचं टोक तोंडात घालून बघा, आतून गार लागलं तर दूध बंद, आधी शेक.

शेक म्हणजे एकदम चटका नाही हां. सगळ्यात सोपं म्हणजे कपड्याच्या आत आपल्या अंगाला लावून घ्यायचं. नाहीतर प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी, वर जाड मोजा चढवायचा आणि ती खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकत दुसऱ्या बाजूला जाता येतं. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० ते ३२ अंश लागतं, मग हळूहळू कमी. एसीच्या खोलीत तर ठेवूच नका. गार पिल्लू गरम व्हायला तास-दीड तास लागतो, तेवढा धीर धरायचा. तुमचा दीड तासाने परत फोन आला की तिसरं मान हलवतंय आणि चिरक्या आवाजात ओरडतंय, तेव्हा कुठे मी म्हटलं की आता हिरडीला साखरपाण्याचं बोट लावा आणि मग दुधाकडे वळा.

आता दूध. गाईचं नको. मांजरीच्या दुधात प्रोटीन आणि फॅट त्याहून खूप जास्त असतं, आपण वर पाणी घालून ते आणखी पातळ करतो, आणि गाईच्या दुधातल्या साखरेने जुलाब लागतात. जुलाब झाले की एवढासा जीव एका दिवसात सुकतो. पेट शॉपमध्ये किंवा जनावरांच्या डॉक्टरांकडे किटन मिल्क रिप्लेसरची पावडर मिळते, महाग आहे, पण त्याला पर्याय नाही. ती हातात येईपर्यंत शेळीचं दूध एक-दोन वेळा चालवून घ्या, त्याच्यावर पिल्लू वाढवायला जाऊ नका. कापूस तर आजच फेकून द्या, धागे पोटात जातात आणि किती दूध गेलं तेही कळत नाही. सुई काढलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्या. १०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण २० मिली, म्हणजे दर दोन-तीन तासांनी अडीच-तीन मिली, एका वेळी ४ च्या वर नाही. मनगटावर थेंब टाकून कोमट आहे ना ते बघायचं.

आणि पालथंच धरून पाजायचं, पोट खाली, मान सरळ, आईला पितात तसं. हे मी का एवढं बजावतेय तर माझं पहिलं पिल्लू मी आपल्या बाळासारखं उताणं मांडीवर घेऊन पाजलं होतं. मस्त पितंय असं वाटत होतं, मग नाकातून दुधाचा एक बुडबुडा आला, मी पदराने पुसला आणि परत पाजलं. तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. नाकातून दूध आलं की थांबायचं, डोकं खाली करून पुसायचं आणि नंतर श्वास घरघरत असेल तर थेट डॉक्टर.

आईचं राहिलंच. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते अगदीच खोटं नाही, ती एकेक करून हलवत असते आणि आपण मध्येच येऊन उरलेली उचलतो. पिल्लं गरम, पोटं भरलेली आणि गप्प झोपलेली असतील तर आई येतेय असं समजा. शंका असेल तर भोवती थोडं पीठ भुरभुरवा आणि लांब जाऊन थांबा, पावलं उमटली की कळतं. माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लं टाकते असं काही नसतं. तुमची मात्र गार आणि भुकेली होती, उचललीत ते बरोबर केलंत.

प्रश्न: हॉस्टेलवर दोन पिल्लं लपवून ठेवलीत, दहा दिवसांची असतील. पावडरचं दूध नीट पितात पण त्यातल्या एकाने दोन दिवस शी केलेली नाही. आणि सकाळी आठ ते एक कॉलेज असतं, काय करू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: अगं, तू त्यांना करवतेस का? तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपली आपण शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात कापूस पिळून घे आणि प्रत्येक वेळी पाजायच्या आधी-नंतर शेपटीखाली हलकं हलकं थोपट, मिनिटभर तरी, घासू नकोस. शू दरवेळी व्हायला हवी, शी दिवसातून एकदा झाली तरी पुरे. मोहरीच्या रंगाची, पेस्टसारखी असली की छान. पांढरट दह्यासारखी किंवा हिरवी पाण्यासारखी झाली तर डॉक्टर. पोट टणक लागत असेल तरी डॉक्टर, एनिमा वगैरे स्वतः करायचा नाही.

कॉलेजचं म्हणशील तर दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांचं अंतर चालतं, पाच तास जास्तच होतात. मधल्या सुट्टीत एक चक्कर मार नाहीतर रूममेटला पटव, तिला तसंही एव्हाना कळलं असेल. आणि किचनचा डिजिटल काटा आण, रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिही. रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवेत. माझ्या एका वहीत एका भाटीचे आकडे आहेत ८८, ९६, १०७, १०७, १०३. दिसायला ती शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत होती, पितही होती, पण दुसऱ्यांदा १०७ लिहिलं तेव्हाच मी तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं.

प्रश्न: पिल्लांचे डोळे चिकटलेत, अंगावर पिसवा आहेत. शेजारी म्हणतात कुत्र्याची पावडर लावा. आमच्याकडे लाइटही सारखी जाते. (एक वाचक, जत)

उत्तर: कुत्र्याची पावडर अजिबात नको. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलं तर मोठं मांजरसुद्धा झटके येऊन मरतं, तान्ह्याचं तर विचारूच नका. उवांची फणी घ्या ना, साधी, घरात असते ती. मानेपासून शेपटीपर्यंत फिरवायची आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात. रोज करा आणि अंथरूण रोज बदला. कंटाळा येतो, पण पिसवा एवढं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात, तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आंघोळ नको, खोक्याजवळ फिनेलही नको.

डोळ्यांना उकळून कोमट केलेल्या पाण्याचा कापूस, दर डोळ्याला वेगळा. पापण्या अजून उघडल्याच नाहीत आणि आत फुगल्यासारखं दिसतंय तर आत पू साचलाय, हे उद्यावर ढकलू नका, डोळा जातो. लाइट नसेल तेव्हा मोज्यात तांदूळ भरून गाठ मारा आणि कोरड्या तव्यावर गरम करा, गालाला लावून बघा, मग गोधडीखाली ठेवा. तासाभराने परत.

प्रश्न: पिल्लू पाच आठवड्यांचं झालंय, दूध सोडवायचंय. लस कधी? आणि सून गरोदर आहे, घरात ठेवलं तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: उथळ ताटलीत त्याच दुधात किटन फूड कालवून ठेवा, पहिले दोन दिवस त्यात पाय बुडवून घरभर फिरेल, फिरू द्या. शीसाठी ट्रेमध्ये वाळू किंवा फाडलेला पेपर. जंताचं औषध आत्तापर्यंत सुरू व्हायला हवं होतं, वजनावर असतं म्हणून डॉक्टरांकडून. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची साधारण बारा आठवड्यांना. ताप वाटला म्हणून घरातलं पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ते विष आहे.

सुनेचं म्हणाल तर भीती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची असते आणि तो मांजराला उंदीर नाहीतर कच्चं मांस खाऊन होतो, दुधावर वाढलेल्या आणि घरातच राहिलेल्या पिल्लाला होण्याची शक्यता फार कमी. शीतून तो पसरायला किमान एक दिवस जावा लागतो, म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा आणि तो तुम्ही किंवा मुलाने करायचा, तिने नाही. मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. कच्च्या मटणाचे हात आणि न धुतलेली पालेभाजी यांचं मात्र तिने जास्त बघावं.