पेव खणतात, कणगी उभी करतात

गोरेगावच्या एका वाचक ताईंचा प्रश्न : 'मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात खांबांवर उभ्या असलेल्या धान्यकोठाराचं चित्र आहे. त्याखाली पेव लिहिलं तर चालेल का? आणि कोठी हा हिंदी शब्द टाळावा का?'

पेव अजिबात चालणार नाही. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं तळघर. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्धच आहेत. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कारण कोंडलेली हवा जीव घेते. आणि तरी दादरच्या एका प्रदर्शनात मी चार पायांच्या उंच कणगीवर 'पेव' अशी पाटी वाचली. बातम्यांत तर 'धान्याचं पेव रचलं' असंही ऐकू येतं. अहो, रचतात ती रास!

चित्रातली वस्तू गोल, विणलेली असेल तर सरळ कणगी लिहा. बांबूच्या किंवा कारवीच्या काड्यांची विणलेली, आतबाहेर शेणमातीने लिंपलेली. ती जमिनीवर टेकवत नाहीत. खाली दगड किंवा लाकडी चौकट देतात, म्हणजे ओल चढत नाही, वाळवी लागत नाही आणि खालून उंदीर पोखरत आला तर दिसतो. माझी आजी कणगीवर बोटाच्या पेराने टकटक करत करत खाली यायची. आवाज पोकळ यायचा थांबला की तिथवर भात आहे, हे तिला न उघडता कळायचं.

आता कोठी. ती हिंदी आहे असं सांगणाऱ्यांनी घरातली तांदळाची पत्र्याची कोठी कुठून आली तेही सांगावं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या 1857च्या आवृत्तीत ती आहे, जुन्या वाड्यांत कोठीची खोली होती. मूळ शब्द संस्कृत कोष्ठ. आणि इथे अमरसिंहाच्या अमरकोशातली, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशातली, एक ओळ वाचाच : 'कोष्ठोऽन्तर्जठरं कुसूलोऽन्तर्गृहं तथा'. कोष्ठ म्हणजे पोटाची आतली पोकळी, कुसूल (धान्याची कोठी) आणि घरातली आतली खोली. एका शब्दात तिन्ही! त्यातूनच आपला पोटाचा कोठा आला, बद्धकोष्ठ आलं, कोठडी आली आणि चौकटी-चौकटींचं कोष्टकही आलं. कोष्ठ म्हणजे आधी खोली, पोट हा नंतरचा लाक्षणिक अर्थ, असं विद्वान शिकवतात. मला ते पटत नाही. माणसाने पहिलं कोठार पाहिलं ते स्वतःचं पोट. भरायचं, राखायचं, लागेल तसं काढायचं, हे त्याने तिथेच शिकून मग मातीत उभं केलं, असं माझं ठाम मत आहे. अमरसिंहानेही पोटच आधी सांगितलंय.

कोठारातला 'आर' हा कुंभार-सोनारातला 'कार' नव्हे, हेही एकदा स्पष्ट करतो, कारण व्याख्यानांत हे ठोकून दिलं जातं. कुंभार कुंभकारापासून, पण कोठार कोष्ठागारापासून, भांडार जसं भाण्डागारापासून. पुरावा हवा? गोरखपूर जिल्ह्यातल्या सोहगौऱ्याच्या ब्राह्मी ताम्रपटात दोन 'कोठगल' (म्हणजे कोष्ठागारं) नोंदले आहेत, आणीबाणीत उघडायची सरकारी कोठारं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. उत्तराखंडच्या डोंगरांत लाकडी धान्यघराला आजही कोठारच म्हणतात. कोठारी, कोठावळे ही आडनावं याच घरातली. कोतवाल मात्र नाही, तो कोटाचा, म्हणजे किल्ल्याचा.

तर ताई, खांबांवरचं लाकडी घर असेल तर कोठार, विणलेली असेल तर कणगी. कोठी बिनदिक्कत वापरा. पेव तेवढं खोडून टाका.