सुईदोरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. इथल्या एका क्विल्ट (गोधडीसारखं थरांचं पांघरूण) शिवणाऱ्या गटात जानेवारीपासून नाव घातलं आहे. दर महिन्याला एका ब्लॉकचा, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनाचा, नमुना मिळतो आणि वर्षाअखेरीस बारा ब्लॉक जोडायचे असतात. मला मशीनवर उशीचे अभ्रे, परकर शिवता येतात, एवढंच. मार्चचा ब्लॉक साडेबारा इंच भरायला हवा, तो सव्वाबाराच भरतो. उसवून पुन्हा शिवला तरी तेच. एप्रिलचा नमुनाही येऊन पडलाय. हे सोडून आधी क्लास लावू का?

उत्तर : मुळीच सोडू नका. क्विल्ट शिकायला याहून चांगली रीत मला माहीत नाही. मी वाकळ शिवणाऱ्या बायकांत, सांगलीकडे वाढले आणि ब्लॉक जोडायला मुलीकडे मिनेसोटात शिकले, तेही अशाच मासिक उपक्रमात. एका महिन्यात एकच नवी गोष्ट हातात येते आणि ती मुरायला वेळ मिळतो. अमेरिकेतल्या बायकांना ही सवय जुनीच. 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राने 1928 ते 1961 या काळात ब्लॉकचे हजारावर नमुने छापले. बायका ते कापून जपून ठेवत आणि सवडीने एकेक शिवत.

आता तुमचा पाव इंच. तुम्ही कोणता ब्लॉक शिवताय ते लिहिलेलं नाही, पण तो नऊ चौकोनांचा असावा असा माझा अंदाज आहे. साडेचार इंचाचे तीन तुकडे एका ओळीत म्हणजे दोन शिवणी. माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारी कापडाची कड, पाव इंच, म्हणजे दोन सूत सोडायची असते. तुमची माया अर्धा सूत जास्त जात असेल, तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत जातं, दोन शिवणींत दोन सूत. झाला की पाव इंच! पुढे एका ओळीत सहा तुकडे असलेला ब्लॉक आला, तर हीच माया पाच सूत खाईल. परकराला अर्धा सूत कुणी विचारत नाही, इथे मात्र तोच सगळं ठरवतो. म्हणून उसवून त्याच मायेने पुन्हा शिवण्यात अर्थ नाही.

असं करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबीला लांबी लावून जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला टेकवून शिवा आणि पुन्हा मोजा. माप जमेपर्यंत चिकटपट्टी केसभर सरकवत राहा. शिवण कापडाच्या घडीतही थोडी जागा खाते, म्हणून माया पाव इंचाला किंचित कमीच ठेवावी लागते. हे एकदा बसलं की एप्रिलचा ब्लॉक हाती घ्या. मार्चचा मागाहून होईल. मागे पडले म्हणून एका रात्रीत दोन ब्लॉक उरकू नका.

इस्त्रीबद्दल दोन शब्द. ओळीतल्या शिवणी पहिल्या ओळीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे, तिसरीत पुन्हा डावीकडे पाडा. ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात, बोटालाच ते कळतं. इस्त्री कापडावर फिरवू नका, टेकवा आणि उचला. त्रिकोणांचे ब्लॉक येतील तेव्हा हे फार जपा, कारण त्रिकोणाची एक कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी कापलेली असते आणि उरेब कापड लगेच ताणतं. त्रिकोण सुटे कापूच नका. पाच इंचाचे दोन चौकोन सुलटे समोरासमोर ठेवा, कर्णावर पेन्सिलीची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवा, मग रेघेवर कापा. दोन-दोन त्रिकोणांचे दोन चौकोन तयार होतात, ते साडेचार इंचांवर छाटून घ्या.

एक गोष्ट मात्र या उपक्रमात सहसा राहून जाते. बारा महिने तुम्ही वरचा थरच जोडत राहता. क्विल्ट होतं ते नंतर : वरचा थर, मधलं बॅटिंग (मऊ भरणीचा थर) आणि खालचं कापड धावदोऱ्याने एक केल्यावर. डिसेंबरपर्यंत त्याला हातच लावला नाही, तर जोडलेलं कापड कपाटात पडून राहतं. म्हणून जूनच्या आत एका जादा ब्लॉकची उशी किंवा बाळाचं छोटं दुपटं पुरतं शिवून टाका, टाके आणि काठाची पट्टी यांच्यासकट. वाकळ आम्ही काठापासून आत शिवत नेतो. बॅटिंग असेल तर मधून सुरू करून बाहेर जा, म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते.

आणि हेही धरून चाला : साडेबारा इंची ब्लॉक जोडल्यावर कडेची माया आत जाऊन बारा इंची उरतो, असे बारा ब्लॉक तीन बाय चार मांडले तर 36 बाय 48 इंचच होतात. पलंगभर हवं असेल तर मधे पट्ट्या आणि भोवती काठ यांसाठी कापड आत्ताच घेऊन ठेवा.

प्रश्न : ब्लॉकसाठी आईच्या जुन्या सुती साड्या वापरू का? (नाशिक)

उत्तर : जरूर वापरा, पण निवडून. साडी उजेडासमोर धरा. विरलेला भाग गोधडीला चालतो, तिथे थरांचा एकमेकांना आधार असतो. ब्लॉकमध्ये तो तुकडा एकटा असतो आणि शिवणीपाशी फाटतो. चांगल्या भागाला खळ देऊन कडक इस्त्री करा, मगच मापं घ्या. तरीही लुळं वाटलं तर मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लावा. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं चोळून पाहा. रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका. लांब, अखंड भाग कापू नका. ते मागच्या बाजूला लावा, रात्री अंगाला तेच लागतं.